गणपतीला गावी आलेली मुंबईची गाडी तिसऱ्या दिवशी सेल्फच का उचलत नाही? कारची बॅटरी किती वर्षं टिकते, कधी बदलायची, वाचा सविस्तर

कणकवली : चतुर्थीच्या आदल्या रात्री मुंबईची गाडी अंगणात येऊन लागते. दहा-बारा तास धावलेली असते, वाटेत कुठेही कुरकुर केलेली नसते. पुढचे दोन दिवस पूजा, आरत्या, भजन, पाहुणे यात गाडीकडे कुणी बघत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दम लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरतं. चावी फिरवली जाते आणि बॉनेटखालून फक्त 'कट कट कट' असा आवाज येतो. गाडी चकचकीत, टाकी अर्धी भरलेली, पण सेल्फ उचलत नाही. मग धक्का मारायला पोरं उठवा, शेजारची जीप शोधा, १०८ ला फोन करून वाट बघा.

चाकरमान्यांच्या गाड्या ज्या ज्या गावात येतात तिथे हा प्रकार नवीन नाही. आणि त्यावेळचं वाक्यही ठरलेलं असतं. "अहो, कालपर्यंत चांगली होती. गाडी फक्त वीस हजार किलोमीटर चाललीय."

घोळ इथेच आहे. टायर किलोमीटरवर झिजतो. बॅटरी तशी झिजत नाही. कमी चाललेल्या गाडीची बॅटरी जास्त चाललेल्या गाडीच्या आधी जाऊ शकते. हे का होतं हे समजून घ्यायचं असेल तर ती गाडी वर्षभर जिथे उभी असते, तिथे आधी जायला हवं.

शिवाजी पार्कातली उभी गाडी

दादर स्टेशनला पश्चिमेला उतरून पंधरा-वीस मिनिटं चाललं की शिवाजी पार्क लागतं. १९२५ साली मुंबई महापालिकेने तयार केलेलं हे मैदान आधी माहीम पार्क होतं, १९२७ पासून शिवाजी पार्क झालं. दसरा मेळाव्याला, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायला आपल्याकडची कितीतरी माणसं इथे जातात. मैदानाला कठडा, कठड्याला लागून पर्जन्यवृक्षांची सावली आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत तीन-चार मजली जुन्या इमारती. या इमारती बांधल्या तेव्हा घरटी गाडी असेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे आज गाड्या रस्त्याच्या कडेलाच उभ्या असतात, एकीला एक लागून.

या गाड्यांचा दिनक्रम बघा. मालक सोमवार ते शनिवार लोकलने किंवा बसने कामाला जातो. कारण दादरला दोन्ही रेल्वे लाइन आहेत, आणि गाडी काढली तर परत आल्यावर तीच जागा मिळेल याची खात्री नाही. गाडी निघते ती रविवारी, तीही प्रभादेवी किंवा माटुंग्यापर्यंत. चार किलोमीटर जाणं, चार किलोमीटर येणं, मधे सिग्नल आणि वर एसी. पुन्हा आठ दिवस जागेवर. अशी दोन-चार वर्षं गेली की गाडी वीस हजारच चाललेली दिसते, पण बॅटरी आतून म्हातारी झालेली असते.

उभी गाडीसुद्धा वीज खाते

बंद गाडीत सगळं बंद असतं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नसतं. घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरीचा अलार्म, गाडीचा कॉम्प्युटर हे चोवीस तास थोडी थोडी वीज घेत असतात. आजच्या गाड्यांमध्ये ही गळती साधारण २० ते ५० मिलिअ‍ॅम्पिअर असते. आकडा बारीक वाटतो, पण हिशोब करून बघा.

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ एएच म्हणजे अ‍ॅम्पिअर-अवरची असते. याचा सोपा अर्थ असा, की तिच्यातून एक अ‍ॅम्पिअर वीज काढत राहिलं तर ३५ तास पुरेल. गळती ३० मिलिअ‍ॅम्पिअर धरली तर दिवसाला पाऊण एएच वीज जाते. महिनाभर गाडी हलली नाही तर २१-२२ एएच, म्हणजे अर्ध्याहून जास्त बॅटरी रिकामी. वरून कुणी जीपीएस ट्रॅकर किंवा कॅमेरा बसवून घेतला असेल तर यापेक्षा लवकर.

मग रविवारी गाडी फिरवतात तेव्हा ती भरून निघत नाही का? पूर्ण निघत नाही. गाडी चालू असताना डायनामो (आताच्या गाड्यांत त्याला अल्टरनेटर म्हणतात) बॅटरी भरतो. पण ही बॅटरी मोबाइलसारखी पटकन भरत नाही. सुरुवातीला वेगाने भरते आणि शेवटचा भाग अगदी सावकाश, काही तास घेऊन. वीस मिनिटांच्या फेरीत इंजिन अर्धा वेळ सिग्नलला मंद चालतं, त्यातली बरीच वीज एसी-पंख्यालाच जाते. दर आठवड्याला थोडी तूट राहते. खतावणीत उधारी साचावी तशी ती साचत जाते.

विहिरीत गाळ साचतो तसं

कारच्या बॅटरीत शिशाच्या जाळ्या आणि पातळ केलेलं गंधकाम्ल असतं. हा प्रकार १८५९ साली गॅस्टन प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. बॅटरीत सहा कप्पे असतात, प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्टचा. सहाचे मिळून १२.६ व्होल्ट. आपण तिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो.

बॅटरी उतरते तेव्हा जाळ्यांवर एक पांढरा थर धरतो, त्याला लेड सल्फेट म्हणतात. लगेच चार्ज केली तर तो थर विरघळून जातो. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट उतरलेली राहिली तर तो थर कडक खडे होऊन बसतो आणि मग चार्जिंगने निघत नाही. जाळीचा तेवढा भाग कायमचा कामातून गेला.

हे विहिरीतल्या गाळासारखं आहे. पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरलेली दिसते. पण तळाला पाच हात गाळ असेल तर पंप लावल्यावर अर्ध्या तासात फेस येतो. विहीर भरली नव्हती असं नाही, विहिरीत पाणी मावायला जागाच उरली नव्हती.

गणपतीला आलेल्या गाडीचं तेच होतं. दहा-बारा तासांच्या प्रवासात डायनामोने बॅटरी काठोकाठ भरली. पण शिवाजी पार्कात उभ्या उभ्या ती आतून आटून ३५ ऐवजी १२-१५ एएचचीच उरली होती. गावात आल्यावर पोरं गाडीत गाणी लावून बसली, मोबाइल चार्ज झाले, डिकी नीट न लागल्याने रात्रभर आतला बल्ब जळत राहिला. नव्या बॅटरीने हे सहन केलं असतं. या बॅटरीने केलं नाही. म्हणजे बॅटरी गावात आल्यावर एका रात्रीत बिघडली नाही, ती मुंबईतच हळूहळू खंगली होती. गावात फक्त उघडी पडली.

यावरून एक फरक लक्षात ठेवायचा. उतरलेली बॅटरी वेगळी आणि संपलेली बॅटरी वेगळी. पहिली चार्ज करून भागते. दुसरी बदलावीच लागते. चार-सहा हजार रुपये खर्च करायचे की नाही, हे या फरकावर ठरतं.

मग किती वर्षं टिकते?

आपल्याकडच्या हवेत कारची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. रोज तास-दीड तास चालणारी, सावलीत उभी राहणारी, टर्मिनल स्वच्छ असलेली गाडी पाच वर्षंसुद्धा काढते. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीची तीनलाच कुरकुर सुरू होऊ शकते.

बॅटरीचा दुसरा शत्रू उष्णता. बॅटरीचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं, असा ढोबळ नियम या धंद्यात मानतात. बॉनेटखाली इंजिनाची धग असतेच, त्यात गाडी मे महिन्यात उघड्या पत्र्याच्या शेडखाली उभी असेल तर बॅटरी शिजत राहते. उन्हाळ्यात बॅटरी खंगते, पण ते लगेच कळत नाही. पावसात किंवा थंडीत पहाटे इंजिन जड असतं, सेल्फला जास्त जोर लागतो, तेव्हा तिची खोड कळते. त्यामुळे लोकांना वाटतं थंडीने बॅटरी गेली. खरं काम उन्हाळ्याने केलेलं असतं.

तिसरा त्रास खाऱ्या दमट हवेचा. शिवाजी पार्क समुद्राला लागून आहे, आणि आपल्याकडे देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला तेच. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी धरते, वायरची टोकं खातात. वीज आत असते पण बाहेर यायची वाट बंद होते.

जाण्याआधी बॅटरी सांगत असते

बॅटरी अचानक गेली असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा ती आधी काही खुणा देते.

सेल्फ मारल्यावर इंजिन पूर्वीसारखं झटक्यात न उठता 'घर्र... घर्र...' करत जड उठतं. सकाळच्या पहिल्या सेल्फला हा फरक सगळ्यात चांगला कळतो.

सेल्फ मारताना डॅशबोर्डचे दिवे अगदी मंद होतात किंवा घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

इंजिन बंद असताना हॉर्नचा आवाज बसलेला येतो. (ही परीक्षा गावात करा. शिवाजी पार्क २०१० पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र आहे.)

बॅटरीचा डबा बाजूने फुगलेला दिसतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो किंवा झाकणाभोवती ओल दिसते. असं असेल तर वाट बघू नका. ती बॅटरी चार्जिंगलाही लावू नका, बदलाच.

महिन्यात दोनदा धक्का किंवा दुसऱ्या गाडीची वायर लावून चालू करावी लागली. एकदा होणं ही चूक असू शकते, दुसऱ्यांदा झालं की तपासणी हवी.

दीडशे-दोनशे रुपयांच्या मीटरवर घरीच तपासा

मोटारपंपाची वायर तपासायला जो मल्टिमीटर घरात असतो, त्यावर बॅटरी बघता येते. काटा किंवा बटण डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

रात्रभर गाडी बंद ठेवून सकाळी बघा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी, लगेच चार्जिंगला लावायची.

आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा बघा. सेल्फ मारताना तो खाली जाणारच. पण साडेनऊ-दहाच्या खाली गेला आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर आत गाळ भरलाय असं समजा.

इंजिन चालू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.५ दरम्यान हवा. तो साडेबारावरच राहिला तर बॅटरीचा दोष नाही, डायनामो चार्ज करत नाही. १५ च्या वर जात असेल तर डायनामोचा रेग्युलेटर गेलाय, आणि तो बॅटरी उकळवून मारतो. काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलता दिसेल.

हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. कारण पैसे वाया जातात ते इथेच. गाडी चालू होत नाही म्हणून नवी बॅटरी आणली, आठ दिवसांत तीही बसली, मग कळलं की पट्टा ढिला होता किंवा डायनामो मेलेला होता. म्हणून बॅटरी बदलण्याआधी तीन गोष्टी बघून घ्यायच्या. टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ आहेत का, इंजिनाला जाणारी अर्थिंगची वायर खाल्लेली नाही ना, आणि डायनामो चार्ज करतोय का. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टर असतो, तो लावून घेतला तर पाच मिनिटांत निकाल मिळतो. पण लोड टेस्ट बॅटरी पूर्ण चार्ज करूनच घ्यायची. उतरलेली बॅटरी टेस्टला लावली तर चांगलीसुद्धा नापास दिसते, आणि आपल्या खिशातून नवी निघते.

पाणी घालायच्या बॅटरीबाबत

ट्रॅक्टर, पिकअप, जुन्या जीप यात अजून बुचं काढून पाणी घालायच्या बॅटऱ्या असतात. पाणी जाळ्यांच्या खाली गेलं की उघडा पडलेला भाग वाळून मरतो. दर महिना-दीड महिन्याने बघायचं आणि फक्त डिस्टिल वॉटर घालायचं. विहिरीचं, बोअरचं, नळाचं पाणी घालू नका, त्यातले क्षार जाळ्या खातात. फिल्टरचं पाणीही चालत नाही. आणि अ‍ॅसिड तर मुळीच घालू नका. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. वरून अ‍ॅसिड घातलं की चार दिवस जोर आल्यासारखा वाटतो, नंतर जाळ्या गळतात.

हायड्रोमीटर असेल तर भरलेल्या बॅटरीत १.२६ ते १.२८ दाखवतो. सहापैकी पाच कप्पे सारखे आणि एकच फार खाली असेल तर तो कप्पा मेला. एक कप्पा मेला की बॅटरी गेली, बैलजोडीतला एक बैल बसला की नांगर थांबतो तसं.

मेळावा, चैत्यभूमी आणि रात्रभर उभी जीप

आपल्या गाड्या शिवाजी पार्कला जातात तेव्हा उलटा प्रकार होतो. दसऱ्याला किंवा ६ डिसेंबरला गावातून जीप, ट्रॅव्हलर निघतात. गाडी लांब कुठेतरी लावतात आणि माणसं त्यातच मुक्काम करतात. इंजिन बंद, पण आतला दिवा, पंखा, स्पीकर आणि सात-आठ मोबाइल चार्जिंगला. पहाटे परत निघताना गाडी बसलेली.

हेडलाइटचे साधे दोन बल्ब मिळून ताशी नऊ-दहा अ‍ॅम्पिअर वीज घेतात. चुकून चालू राहिले तर लहान बॅटरी दोन-तीन तासांत सेल्फ मारण्यापलीकडे जाते. कारची बॅटरी एका क्षणात मोठा झटका द्यायला केलेली असते. सेल्फला दीडशे-दोनशे अ‍ॅम्पिअर लागतात, डिझेल गाडीला त्याहून जास्त, पण दोन-तीन सेकंदच. रात्रभर थोडी थोडी वीज पुरवत राहणं हे इन्व्हर्टरच्या बॅटरीचं काम. चांगली बॅटरीसुद्धा अशी चार-पाच वेळा पूर्ण उतरली की तिचं वय वर्षा-दोन वर्षांनी कमी होतं. लाइट गेली म्हणून भजनाचा स्पीकर गाडीच्या बॅटरीवर लावणारे, किंवा डुकरं-गव्यांसाठीच्या झटका मशीनला रात्री गाडीची बॅटरी जोडून सकाळी परत गाडीत बसवणारे, यांनी हे ध्यानात घ्यावं.

वायर लावून गाडी चालू करताना

चुकीच्या जोडणीने गाडीचा कॉम्प्युटर जातो, आणि तो बॅटरीपेक्षा कितीतरी महाग असतो. क्रम पाठ करून ठेवा.

१. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत.
२. लाल वायर आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बसलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब.
४. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग बसलेली चालू करा.
५. काढताना उलट क्रम.

काळं टोक बॅटरीपासून लांब लावायचं कारण असं, की चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. ठिणगी पडली तर डबा फुटून अ‍ॅसिड तोंडावर उडतं. म्हणूनच बॅटरीजवळ विडी, काडेपेटी नको. दोन टर्मिनलला पाना टेकवून 'स्पार्क बघायची' सवय तर सोडूनच द्या. अ‍ॅसिड डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि थेट डॉक्टर गाठा.

मोठ्या ट्रकची किंवा एसटीची बॅटरी बहुतेक वेळा २४ व्होल्टची जोडणी असते. तिथून कारला वायर लावू नका. ट्रॅक्टर साधारण १२ व्होल्टचा असतो, तो चालतो, पण आधी बघून घ्या. गिअरच्या गाडीला धक्का चालतो, ऑटोमॅटिक गाडीला चालत नाही. आणि धक्क्यावर चालू झाली म्हणजे दुखणं बरं झालं असं नाही. त्याच दिवशी बॅटरी चार्जरवर सावकाश भरून घ्या.

नवी घेताना

वयाचा हिशोब असा ठेवा. तीन वर्षं झाली की दर सहा महिन्यांनी तपासणी, एकदा पावसाआधी आणि एकदा दिवाळीनंतर. तपासणीत पास होत असेल तर फक्त वर्षं भरली म्हणून बदलू नका. नापास झाली तर 'अजून चालतेय की' म्हणून ओढू नका. पाच वर्षं झालेली असतील आणि लांबचा प्रवास किंवा घरात आजारी माणूस असेल, तर थोडीफार कमजोरी दिसली तरी बदललेली बरी.

दुकानात गेल्यावर बॅटरीवर छापलेला महिना-वर्षाचा कोड दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. बॅटरी दुकानातसुद्धा हळूहळू उतरते. सहा महिन्यांहून जुनी पडलेली असेल तर दुसरी मागा.

गाडीच्या पुस्तकात जेवढी एएच लिहिली आहे तेवढीच घ्या, आणि प्लस-मायनस कुठल्या बाजूला आहेत तेही जुळवा. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या नव्या गाड्यांना वेगळ्या जातीची बॅटरी लागते. त्यात स्वस्तातली साधी बसवली तर लवकर जाते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. मोठ्या बॅटरीशिवाय तिच्यात १२ व्होल्टची लहान बॅटरी असतेच, आणि ती बसली तर गाडी चालू होत नाही.

वॉरंटीचा आकडा नीट समजून घ्या. समजा कार्डावर २४+२४ आहे. याचा अर्थ चार वर्षं फुकट बदलून मिळेल असा नाही. पहिले २४ महिने बदलून मिळते, पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीच्या किमतीत काही सूट मिळते. टॅक्सी किंवा भाड्याच्या गाडीला बहुतेक वेळा वॉरंटी कमी असते. कार्डावर तारीख, गाडीचा नंबर, दुकानाचा शिक्का घ्या आणि बिल घ्या. कार्डाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नेमक्या वेळी कार्ड सापडत नाही.

जुनी बॅटरी दुकानात देऊन टाका, तिचे पैसे नव्याच्या किमतीतून वजा होतात. भाव आधीच विचारून घ्या. घरामागे फेकू नका, शिसं काढायला फोडू-जाळू तर मुळीच नका. शिसं विहिरीच्या पाण्यात आणि पोरांच्या अंगात गेलं तर निघत नाही. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर आहे.

मुंबईच्या माणसाला एक फोन

गावातल्या घरांनी चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी मुंबईला फोन करून एवढं सांगावं : "गाडी निघण्याआधी बॅटरीचं वय बघ. तीनच्या वर असेल तर लोड टेस्ट करून घे. टर्मिनल कोमट पाणी आणि खायच्या सोड्याने साफ करून वर व्हॅसलीन लाव." गाडी नुसती उभी असते त्यांनी आठवड्यातून एकदा तरी तिला पाऊण तास रस्त्यावर पळवायचं. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून फक्त तेल जळतं, बॅटरी भरत नाही. तीन आठवड्यांहून जास्त गाडी हलणार नसेल तर दहा नंबरच्या पान्याने मायनसची वायर काढून ठेवायची. काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा गाड्या महिना-दोन महिने जागेवर उभ्या होत्या, आणि नंतर चावी फिरवल्यावर किती जणांच्या गाड्या बसलेल्या निघाल्या हे सगळ्यांना आठवत असेल. त्यावेळी मायनसची वायर काढून ठेवलेल्यांच्या बॅटरीतून गाडीची गळती तरी झाली नव्हती.

गावातल्या गाड्यांनाही हेच लागू आहे. खळ्यात उभी राहणारी आणि फक्त बाजारच्या दिवशी निघणारी गाडी ही शिवाजी पार्कातल्या गाडीचीच बहीण आहे. आज संध्याकाळी बॉनेट उघडा, बॅटरीवरची तारीख वाचा आणि ती एका कागदावर लिहून गाडीच्या आरसीबरोबर ठेवा. रात्री-अपरात्री वाडीतलं कुणी आजारी पडलं तर सगळ्यांच्या नजरा त्या एकाच गाडीकडे वळणार आहेत.